वाचकांचे प्रश्न : रानातल्या अळंबीची ओळख

प्रश्न : सोबतच्या छायाचित्रात गवतात उगवलेली मोठी, पांढरी अळंबी आहे. तिचे नाव काय आणि ती खाता येईल का?

उत्तर : छायाचित्र सुरेख आहे, परंतु ते बरोबर वरून घेतलेले असल्यामुळे ज्या खुणांवरून नाव ठरते, त्या जवळजवळ सगळ्याच त्यात झाकल्या गेल्या आहेत. पांढरी छत्री, तिच्यावर तपकिरी खवले आणि भोवती गवत एवढ्याच माहितीवरून निदान तीन प्रजातींचा, म्हणजे जवळच्या जातींच्या तीन गटांचा, विचार करावा लागतो : अ‍ॅगॅरिकस, क्लोरोफायलम आणि अ‍ॅमॅनिटा. पहिल्या प्रजातीत अनेक खाद्य जाती आहेत, दुसरीतील एक जाती उष्ण प्रदेशांतल्या हिरवळींवर सर्रास उगवते आणि खाल्ल्यावर काही तासांतच जोरदार उलट्या व जुलाब घडवते, तर तिसरीतील काही जाती जीव घेतात.

या तिघींना वेगळे करायचे, तर अळंबी उलटी करून पाहायला हवी. छत्रीच्या खालच्या अंगाला दांड्यापासून कडेपर्यंत जे पातळ पापुद्रे असतात, ते अ‍ॅगॅरिकसमध्ये बहुधा कोवळेपणी गुलाबीसर आणि नंतर चॉकलेटी होतात. क्लोरोफायलम मोलिब्डाइटिसमध्ये ते बराच काळ पांढरे राहून उशिरा हिरवट छटा धरतात. अ‍ॅमॅनिटाचे बहुधा शेवटपर्यंत पांढरेच असतात. दांड्यावर कंकणासारखे वलय आहे का, हेही पाहावे, मात्र ते तिन्हींमध्ये असू शकते, म्हणून त्यावर फार विसंबू नये.

सर्वांत महत्त्वाची खूण जमिनीत दडलेली असते. अ‍ॅमॅनिटाच्या कित्येक जाती कोवळेपणी एका आवरणात पूर्ण गुंडाळलेल्या असतात आणि अळंबी वर आली की त्या आवरणाचा खालचा भाग दांड्याच्या बुडाशी फाटक्या पिशवीसारखा राहतो. दांडा धरून ओढला, तर ही पिशवी मातीतच राहते आणि हातात आलेली अळंबी अगदी निरुपद्रवी दिसते. म्हणून चाकू बुडापासून थोडा दूर, तिरका खुपसून माती सैल करावी, अळंबी मातीसकट उचलावी आणि मग माती बोटांनी हळूहळू झाडावी. पुढच्या वेळी छत्रीचा वरचा भाग, खालचे पापुद्रे, पूर्ण दांडा बुडासह आणि आसपासची जागा अशी वेगवेगळी छायाचित्रे पाठवावीत, शिवाय जवळ कोणते झाड होते, अळंबी मातीत होती की लाकडावर, हेही लिहावे.

खाण्याविषयी मात्र या सदरातून छायाचित्रावरून होकार कधीही मिळणार नाही. अ‍ॅमॅनिटा फॅलॉइडिस या जातीतील अ‍ॅमॅटॉक्सिन नावाची विषे शिजवून, वाळवून किंवा गोठवून नष्ट होत नाहीत. पेशींमध्ये प्रथिने घडवण्यासाठी लागणारा आरएनए ज्या विकराच्या (एंझाइमच्या) मदतीने तयार होतो, त्याचेच काम ती बंद पाडतात. त्रास सुरू व्हायला साधारण 6 ते 24 तास लागतात. मग उलट्या-जुलाब होतात, त्यानंतर रुग्णाला बरे वाटू लागते, आणि नेमक्या याच फसव्या काळात यकृताची हानी चालू असते. चुकून खाल्ल्याची शंका आली, तर लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि उरलेली अळंबी, अगदी साफ करताना टाकलेले तुकडेसुद्धा, सोबत न्यावेत.

प्रश्न : बीजाणूंचा ठसा घ्यावा असे वाचले. तो घरी कसा घेतात आणि त्यातून काय कळते?

उत्तर : बीजाणू म्हणजे पापुद्र्यांवरून झडणारे, ज्यांपासून नवी अळंबी वाढते ते भुकटीसारखे सूक्ष्म कण. पूर्ण उमललेली, पण सुकलेली नसलेली अळंबी घ्यावी. दांडा छत्रीलगत कापावा आणि छत्री पापुद्र्यांची बाजू खाली करून स्वच्छ काचेवर ठेवावी. काचच घ्यावी, कारण पांढऱ्या कागदावर पांढरा ठसा दिसत नाही आणि काळ्यावर गडद ठसा हरवतो. काच मात्र दोन्हींवर ठेवून पाहता येते. छत्रीवर पाण्याचा एखादा थेंब टाकून वर वाडगे पालथे घालावे, म्हणजे वाऱ्याने बीजाणू उडत नाहीत, आणि रात्रभर तिला हात लावू नये. सकाळी छत्री सरळ वर उचलली की काचेवर मध्यापासून निघालेल्या बारीक रेषांची चकती उमटलेली दिसते. ही भुकटी पात्याने खरवडून एका जागी गोळा करावी आणि दिवसाच्या उजेडात पाहावी, कारण पातळ थरात रंग फिकट भासतो.

अ‍ॅमॅनिटाचा ठसा पांढरा, अ‍ॅगॅरिकसचा गडद चॉकलेटी, एंटोलोमाचा गुलाबी, कॉर्टिनेरियसचा गंजासारखा तपकिरी आणि वर सांगितलेल्या क्लोरोफायलम मोलिब्डाइटिसचा हिरवट येतो. स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ एलियास फ्रीस यांनी एकोणिसाव्या शतकात पापुद्र्यांच्या अळंब्यांची विभागणी करताना याच रंगाचा आधार घेतला होता. आज जनुकांच्या अभ्यासाने ती विभागणी पुष्कळ बदलली असली, तरी फिरायला जाणाऱ्या माणसाला इतक्या कमी खर्चात इतकी माहिती देणारी दुसरी परीक्षा नाही. पापुद्र्यांचा रंग म्हणजे बीजाणूंचा रंग नव्हे, हे ध्यानात ठेवावे. शिवाय ठशाने शक्यता कमी होतात, जाती ठरत नाही.

प्रश्न : किड्यांनी खाल्लेली अळंबी बिनविषारी असते आणि विषारी अळंबीत चांदीचे नाणे काळे पडते, हे खरे आहे का?

उत्तर : दोन्ही समजुती खोट्या आहेत, आणि पहिली अधिक घातक, कारण ती तर्काला पटते. गोगलगायी विषारी अ‍ॅमॅनिटा कुरतडतात आणि काही जातींच्या फळमाश्यांच्या अळ्यांना तर अ‍ॅमॅनिटिन (अ‍ॅमॅटॉक्सिनांपैकीच एक विष) असलेल्या अळंबीतही वाढता येते. त्यांच्या शरीराला जे चालते, ते आपल्याला चालेलच असे नाही. चांदी काळी पडते ती गंधकाच्या संयुगांमुळे, अळंबीच्या विषाशी त्याचा संबंध नाही. सोलता येणारी साल, चांगला वास, चांगली चव याही अशाच निरुपयोगी कसोट्या आहेत.

प्रश्न : कापल्यावर काही सेकंदांत निळी पडणारी अळंबी सापडली. ती विषारी समजावी का?

उत्तर : छत्रीखाली पापुद्र्यांऐवजी स्पंजासारखी छिद्रे असतील, तर ती बोलीटस गटातील असण्याचा संभव मोठा आहे. कापलेले सफरचंद हवेत तपकिरी होते, तशीच ही क्रिया असून तिच्यातील रंगद्रव्यांचे ऑक्सिडीकरण होऊन निळा रंग येतो. निळ्या पडणाऱ्या काही जाती खाद्य आहेत, काही विषारी. रंग किती वेळात आणि नेमका कोठे बदलला, हे टिपून ठेवावे. ओळख पटवताना ते उपयोगी पडते, विष ओळखताना नाही.

प्रश्न : कुजक्या ओंडक्यावर एका रात्रीत पिवळाधमक, ओलसर गोळा पसरला आणि दुसऱ्या दिवशी थोडा सरकलेला दिसला. ही कोणती बुरशी?

उत्तर : वर्णनावरून हा फुलिगो सेप्टिका हा श्लेष्मकवक (स्लाइम मोल्ड, म्हणजे बुळबुळीत, बुरशीसारखा दिसणारा जीव) असावा. पूर्वी कवकांतच गणले जाणारे हे जीव आता वेगळ्या गटात मोडतात. ते खरोखरच सरकतात, जिवाणूंना वेढून गिळतात आणि नंतर वाळून त्यांचे ठिसूळ कवच होते, ज्याच्या आत गडद भुकटी असते.

प्रश्न : झाडाच्या खोडावर फळीसारखी कठीण अळंबी वाढली आहे. ती तोडून टाकली तर झाड वाचेल का?

उत्तर : तोडून उपयोग नाही. बाहेर दिसते ते केवळ फळांग, म्हणजे बीजाणू तयार करणारा भाग. कवकजाल, म्हणजे कवकाच्या बारीक तंतूंचे जाळे, खोडात आधीच पसरलेले असते. लाकूड फिकट आणि धागेदार झाले असेल, तर कवकाने लाकडाला कठीणपणा देणारे लिग्निनही पचवले आहे. ते तपकिरी होऊन विटांसारख्या चौकोनी तुकड्यांत तडकले असेल, तर लाकडातील तंतूंचे द्रव्य असलेले सेल्युलोज संपून लिग्निन मागे उरले आहे. खालची बाजू पांढरी असून नखाने ओरखडताच तपकिरी रेघ उमटत असेल, तर गॅनोडर्मा अ‍ॅप्लॅनेटम या जातीची शक्यता तपासावी. अळंबी खोडाच्या बुडाशी असेल आणि झाड रस्त्यालगत किंवा घरालगत असेल, तर ते कितपत भक्कम उरले आहे, हे वृक्षतज्ज्ञाकडून लवकर तपासून घ्यावे.