आधी मूळ पाहा, मग उपाय ठरवा

प्रश्न : परसबागेतील वांगी-मिरचीची रोपे पाणी देऊनही माना टाकत आहेत. उकरल्यावर मातीत पांढऱ्या, जाड अळ्या सापडल्या. कोणते दाणेदार कीटकनाशक टाकावे?

उत्तर : कोणतेही टाकू नका. परसबागेतली भाजी दोन-चार दिवसांआड तुटते आणि थेट घरच्यांच्या ताटात जाते. मुळांवाटे झाडात गेलेल्या औषधाचा अंश तेवढ्यात संपत नाही.

तुम्ही सांगता ती लक्षणे हुमणीची, म्हणजे मातीत राहणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीची आहेत. अळी इंग्रजी 'सी' अक्षरासारखी वळलेली, डोके तपकिरी, पुढच्या बाजूला पायांच्या तीन जोड्या. ती मुळेच खाते, त्यामुळे रोप ओढताच हातात येते. अशा रोपाभोवतीची माती वीतभर खोल उकरून अळ्या वेचा आणि साबणाच्या पाण्यात टाका. काम किचकट आहे, पण छोट्या वाफ्यात याहून खात्रीचा उपाय मला माहीत नाही. शेजारच्या धडधाकट रोपांजवळही उकरून पाहा.

लहान अळ्यांसाठी मेटारायझियम ही मित्रबुरशी वापरा. पाकिटावरील मात्रेप्रमाणे पाण्यात मिसळून संध्याकाळी ओल्या मातीत मुळांशी ओता. अळी लगेच मरत नाही, काही आठवडे जातात. तोवर माती कोरडी पडू देऊ नका आणि त्या वाफ्यात बुरशीनाशक टाळा, नाहीतर मित्रबुरशीच मरेल. पूर्ण वाढलेल्या अळीवर तिचा प्रभाव कमी पडतो, म्हणून वेचणी सोडू नका.

शेणखतही तपासा. अर्धवट कुजलेल्या खतातून अंडी आणि अळ्या वाफ्यात येतात. खत पूर्ण कुजू द्या आणि पसरताना हाताने मोकळे करून बघा.

अळी न दिसता रोप खुरटले असेल, तर मुळांवरच्या गाठी पाहा. नखाने सहज सुटणाऱ्या गाठी शेंगवर्गीय पिकात उपयोगीच असतात. मुळाचाच भाग फुगून झालेल्या, न सुटणाऱ्या गाठी मात्र सूत्रकृमीच्या, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या अतिसूक्ष्म कृमींच्या. त्या वाफ्यात लगेच वांगी, टोमॅटो, भेंडी घेऊ नका. झेंडू दाट लावा किंवा कडक उन्हाळ्यात माती भिजवून पारदर्शक प्लास्टिकने 4 ते 6 आठवडे घट्ट झाका.

रोप जमिनीलगत कापलेले आढळले, तर रात्री कुरतडणारी अळी दिवसा बुंध्याजवळच्या मातीत दडलेली सापडेल. नव्या रोपाभोवती पुठ्ठ्याचे कडे थोडे मातीत रोवून बसवा.

पहिल्या चांगल्या पावसानंतर सायंकाळी हुमणीचे भुंगेरे बाहेर पडून झाडांवर जमतात. तेव्हा फांद्या हलवून ते गोळा करा. मादीने अंडी घालण्याआधीच ती हाती लागते.