ब्रह्मगिरीच्या फेरीला एकच सॅक नको, प्रत्येकाची पिशवी वेगळी

दादा, तुमचा प्रश्न नीट वाचला. नागपूरहून रेल्वेने येणार, त्र्यंबकेश्वरला तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरी डोंगराभोवतीची फेरी करणार. सोबत ६४ वर्षांच्या आई, त्यांना रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही. शिवाय वहिनी आणि ११ वर्षांचा मुलगा. चौघांचं सामान एका मोठ्या सॅकमध्ये भरून ती तुम्ही पाठीवर घेणार आहात. तुमच्या यादीतल्या वस्तू बहुतेक बरोबर आहेत. पण सॅक एकच, हे बदला.

मी पंचवटीत राहते, आजवर चौदा फेऱ्या केल्यात. त्यातल्या सहाव्या वेळी आम्हीही असंच केलं होतं. सासूबाईंच्या गोळ्या, त्यांची शाल, पैसे, सगळं माझ्या पाठीवर. वाटेतल्या पहिने गावाच्या अलीकडे गर्दीचा एक लोंढा आला आणि त्या दिसेनाशा झाल्या. अंधार, पाऊस, मोबाइलला रेंज नाही. सापडल्या पहाटे, चार तासांनी, एका चहावाल्याच्या ताडपत्रीखाली कुडकुडत बसलेल्या. जवळ एक रुपया नव्हता, आणि घरातल्या कुणाचाही नंबर पाठ नव्हता. त्या चहावाल्यानं पैसे न घेता चहा दिला, अंगावर गोणपाट टाकलं. त्या रात्रीनंतर आमच्या घरात ज्याचं सामान त्याच्याच अंगावर असतं.

म्हणून सामानाचे दोन भाग करा. मोठी बॅग नाशिकमध्ये मुक्कामाच्या खोलीवर ठेवा. फेरीच्या दिवशी खासगी गाड्या त्र्यंबकच्या अलीकडेच थांबवतात आणि पुढे बसनं जावं लागतं, त्यामुळे ‘राहू दे गाडीत’ ही सोय धरू नका. नाशिक ते त्र्यंबक साधारण ३० किलोमीटर आहे, एसटीच्या जादा गाड्या असतात. फेरीला निघताना प्रत्येकाकडे फक्त एक छोटी पाठपिशवी. मोठ्या माणसाची तीन किलोच्या आत, मुलाची एक किलोच्या आत, पाणी धरून.

आता आईंच्या पिशवीबद्दल, कारण खरी काळजी तिथेच आहे. दोन दिवसांच्या गोळ्या त्यांच्या स्वतःच्या पिशवीत, तेवढ्याच तुमच्याकडे आणि उरलेल्या खोलीवर. गोळ्या सुट्या काढून डबीत भरू नका. पाकिटासकट न्या, म्हणजे औषधाचं नाव आणि मुदत वाचता येते. हे सगळं चेनच्या प्लॅस्टिक पिशवीत. इन्सुलिन असेल तर बर्फाला थेट चिकटवून ठेवायचं नाही, गोठलं की ते निकामी होतं.

त्या दिवशी सोमवारचा उपवास असणार. उपाशीपोटी मधुमेहाची गोळी घेऊन वीस किलोमीटर चालणं धोक्याचं आहे, म्हणून उपवास आणि गोळीची वेळ आधी डॉक्टरांना विचारून ठरवा. साखर उतरली तर घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून लगेच द्यायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, बरं वाटलं नाही तर पुन्हा द्यायचं. ती साखरेची पुडी आईंच्या हाताला लागेल अशा वरच्या कप्प्यात हवी. शिवाय राजगिऱ्याच्या वड्या, खजूर, शेंगदाणे. वाटेत मंडळं चहा, केळी, साबुदाण्याची खिचडी वाटतात, पण ती आपल्याला हवी त्या वेळी समोर येईलच असं नाही.

आणि अनवाणी चालण्याचं. ‘आईला अनवाणीच फेरी करायची आहे’ असं तुम्ही लिहिलंय. त्यांची श्रद्धा मी समजू शकते, माझ्या सासूबाई अनवाणीच चालायच्या. पण त्यांना मधुमेह नव्हता. मधुमेहात पायाची संवेदना कमी होऊ शकते. काटा रुतला, खडी लागली तरी कळत नाही आणि ती जखम पुढे महिनोन्‌महिने भरत नाही. आईंना हात जोडून सांगा, त्र्यंबकच्या कुशावर्त कुंडावर अनवाणी स्नान करा, देवळात अनवाणी जा, फेरीत मात्र पायात पट्ट्याच्या रबरी तळव्याच्या सँडल हव्यात. नवी पादत्राणं नकोत, महिनाभर वापरलेलीच आणा. प्रत्येकाकडे मोज्यांचे दोन जादा जोड असू द्या. बोटांच्या बेचक्यांत आणि जांघेत निघण्याआधी व्हॅसलीन लावा. ओल्या कपड्यांनी जांघा सोलवटतात, आणि बहुतेकांची फेरी दमल्यामुळे नाही, यामुळेच अर्धवट राहते. पायाला आधीच जखम असेल तर चिकटपट्टीनं झाकल्याशिवाय चिखलपाण्यात उतरू नका, लेप्टोस्पायरोसिस अशाच पाण्यातून होतो.

पावसाचं गणित नागपूरकरांना वेगळं वाटेल. नाशिक शहरात ऊन असतं आणि त्र्यंबकला डोंगरावर ढग बसलेले असतात. तिथला पाऊस दिवसभर रिपरिपत राहतो आणि कपडे दोन दिवस वाळत नाहीत. जीन्स आणूच नका, भिजली की अंगावर दगड बांधल्यासारखी होते. पातळ ट्रॅकपँट बरी. आईंना साडीच हवी असेल तर सिंथेटिक, थोडी आखूड नेसलेली. छत्री वाऱ्यात उलटते आणि गर्दीत मागच्याच्या डोळ्यात जाते. रेनकोट घ्या, नाहीतर आपली प्लॅस्टिकची खोळ, ती अजूनही उत्तम. पिशवीला रेनकव्हर असलं तरी पाठीकडून पाणी आत शिरतं, म्हणून पिशवीच्या आत आधी जाड प्लॅस्टिकची पिशवी घाला आणि सामान तिच्यात भरा. एक कोरडा टी-शर्ट आणि पंचा गाठ मारून त्यातच तळाशी. पहाटे थंडी वाजते तेव्हा तो टी-शर्ट सोन्यासारखा वाटतो. खरं सोनं मात्र घरी ठेवा, कुशावर्तावर भयंकर गर्दी असते.

मुलाच्या पिशवीत पाणी, वड्या, शिट्टी आणि एक कागद. त्याच्यावर दोन फोन नंबर, मुक्कामाचा पत्ता आणि चुकामूक झाल्यास कुठे थांबायचं ते लिहा. बॉलपेननं लिहा, जेलपेनची शाई पाण्यानं पसरते. असाच कागद आईंनाही द्या, त्यावर औषधांची नावंही लिहा. दहा, वीस, पन्नासच्या मिळून दोनशे-तीनशे रुपये प्रत्येकाकडे हवेत. गर्दीत नेटवर्क जातं, मग यूपीआय उपयोगाचं नाही.

बॅटरी दोन हव्यात, शक्यतो डोक्याला बांधायच्या. लोक रविवारी रात्रीच निघतात, आणि मोबाइलच्या उजेडावर चाललात तर पहाटेपर्यंत फोन बंद पडतो. ओआरएसची पाकिटं घ्या, पण मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवायचं. अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खं ओतणारे मी दरवर्षी पाहते, ते फार खारट होतं आणि अपाय करतं.

रेल्वेचं थोडक्यात सांगते. स्लीपरमध्ये अंथरूण-पांघरूण मिळत नाही, पातळ चादरी आणा. ओळखपत्र डिजिलॉकरमध्ये असेल तरी चालतं, पण फोन भिजू शकतो, म्हणून मूळ कार्ड जवळ ठेवा. नाशिकरोड स्टेशन पंचवटीपासून लांब आहे, तिथून रिक्षा किंवा सिटीलिंक बस आहे.

फेरी लहान म्हणजे साधारण २० किलोमीटरची, मोठी ४० ची. तुम्ही लहानच करा, आणि आई थकल्या तर कुणी एकानं त्यांच्याबरोबर परत फिरायचं, हे आज घरी बसूनच ठरवा. कोण परतणार हे आधीच ठरलेलं असेल तर त्याही निःसंकोच सांगतील.

निघण्याच्या आठवडाभर आधी चौघांनी आपापली पिशवी भरून, पाठीवर घेऊन दोन तास चालून बघा. मग रात्री दिवे बंद करा आणि आईंना सांगा, अंधारात गोळ्या आणि साखर काढून दाखवा. सापडल्या नाहीत तर कप्पा बदला आणि पुन्हा करून बघा.