टोकियोत एकाच टॉवरवर चढायचं तर टोकियो टॉवर की स्कायट्री?

नुसती उंचीच हवी असेल तर डोळे झाकून स्कायट्री, ६३४ मीटर आहे, टोकियो टॉवर त्याच्या जवळपास निम्मा म्हणजे ३३३ मीटर. पण मला विचाराल तर टोकियो टॉवरच. १९५८ साली टीव्हीच्या प्रक्षेपणासाठी बांधला, दिसायला आयफेलचा धाकटा भाऊ पण त्याच्यापेक्षा उंच आणि वजनाला बराच हलका, डिझाइन नाइतो ताचू यांचं, ज्यांनी त्याआधी नागोयाचा टीव्ही टॉवरही केला होता. आणि गंमत म्हणजे वरच्या भागातलं काही पोलाद कोरियन युद्धानंतर भंगारात निघालेल्या अमेरिकन रणगाड्यांचं आहे! केशरी-पांढरा रंग शोभेसाठी नाही हां, विमानांना लांबून दिसावा म्हणून. आता टीव्हीचं मुख्य काम स्कायट्रीकडे गेलंय, २०११ च्या भूकंपात टोकियो टॉवरचं टोक वाकलं होतं ते नंतर दुरुस्त केलं.

वर दोन डेक आहेत, १५० आणि २५० मीटरवर. माझ्या मते १५० वालाच पुरेसा, वरच्याचं तिकीट बरंच महाग पडतं. खालच्या डेकवर जमिनीत काच बसवलीये, तिच्यावर उभं राहून खाली बघितलं की पाय आपोआप मागे येतात. गुडघे धड असतील तर लिफ्ट सोडा आणि बाहेरच्या उघड्या जिन्याने जा, साधारण ६०० पायऱ्या आहेत, जाळीतून वारा लागतो, मस्त वाटतं, फक्त पाऊस-वाऱ्यात बंद ठेवतात. हिवाळ्यात हवा स्वच्छ असली तर फुजीपण दिसतो. अकाबानेबाशी स्टेशनला उतरा, तिथून चालत जाता येतं, आणि शेजारचं झोजोजी मंदिर चुकवू नका.