सी शिकताना : आर्गसी, आर्गव्ही आणि वाचकांचे प्रश्न

कमांड लाइनवर प्रोग्रॅमच्या नावापुढे एकच संख्या देतो, तरी आर्गसी (argc, तिथल्या शब्दांची मोजणी) २ कसा?

प्रोग्रॅमचं नावही मोजलं जातं. आर्गव्ही (argv) म्हणजे त्या शब्दांची यादी. तिच्या ० क्रमांकावर ते नाव, १ वर तुमची संख्या आणि २ वर नल पॉइंटर, म्हणजे कशाकडेच न दाखवणारा पत्ता.

काहीच न देता चालवला की ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ येऊन प्रोग्रॅम बंद पडतो.

येणारच. तेव्हा १ क्रमांकावर नल असतो आणि तुम्ही तोच एटॉयच्या (atoi, स्ट्रिंगची म्हणजे अक्षरांच्या ओळीची संख्या करणारं फंक्शन) हाती देता. मेनमध्ये (main, प्रोग्रॅम सुरू होतो ते फंक्शन) शिरल्या शिरल्या आर्गसी २ आहे का ते बघा. नसेल तर प्रोग्रॅम कसा चालवायचा ते एका ओळीत छापा आणि १ रिटर्न करा. ही ओळ एफप्रिंटएफने (fprintf) एसटीडीईआरआरवर (stderr, चुकांच्या संदेशांची वेगळी वाट) पाठवा, म्हणजे आउटपुट फाइलमध्ये वळवलं तरी ती पडद्यावर दिसते.

‘१२कख’ दिलं तर १२ मिळतात, ‘कख’ दिलं तर ०. चूक पकडायची कशी?

एटॉयने ते होणार नाही. खरा ० आणि कचरा यांतला फरक तो सांगतच नाही. मी तर नवशिक्यांना एटॉय शिकवूच नये म्हणेन. स्ट्रटॉल (strtol) वापरा. त्याला तीन गोष्टी लागतात : स्ट्रिंग, ‘शेवट’ नावाच्या कॅरेक्टर पॉइंटरचा पत्ता (वाचन कुठे थांबलं ते त्यात कळतं) आणि संख्यापद्धतीचा पाया १०. पाया ० दिलात तर ‘०१०’ ऑक्टल (पाया ८) समजून ८ होतात, म्हणून १०च द्या. स्ट्रटॉलला बोलावण्याआधी एररनो (errno, चुकीचा क्रमांक ठेवणारं व्हेरिएबल) ० करा. नंतर ‘शेवट’ स्ट्रिंगच्या सुरुवातीलाच असेल तर अंक मिळालाच नाही. तो ज्यावर थांबला ते अक्षर नल कॅरेक्टर (स्ट्रिंगच्या शेवटाची खूण) नसेल, तर मागे कचरा आहे. एररनो ईरेंज (ERANGE) झाला असेल तर संख्या लाँग (long) या पूर्णांकाच्या प्रकारात मावली नाही. एवढ्यावर थांबू नका : ६४-बिट लिनक्सवर ३००००००००० लाँगमध्ये आरामात बसतात, पण इंट (int) या लहान प्रकाराची मजल २१४७४८३६४७ पर्यंतच. इंटमध्ये टाकण्याआधी तेही तपासा.

‘४ * ५’ दिलं की आर्गसी ४ऐवजी भलताच मोठा येतो.

हा उद्योग शेलचा, म्हणजे तुमची कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा. मोकळी फुली (*) दिसली की तो तिच्या जागी चालू फोल्डरमधल्या फाइलींची नावं भरतो, आणि तुमच्या प्रोग्रॅमला फुली दिसतच नाही. ती एकेरी अवतरणात द्या. खात्री हवी असेल तर आर्गव्ही लूपमध्ये छापून पाहा.

मग फुली आली का हे ‘==’ने तपासलं, तर कधीच जुळत नाही!

दुहेरी अवतरणातल्या स्ट्रिंगशी तुलना केली असणार. त्यात पत्ते जुळवले जातात, अक्षरं नाहीत. स्ट्रसीएमपी (strcmp) वापरा. अक्षरं जुळली की तो ० देतो, १ नव्हे.