विमानातली सिगारेट: रांगा वेगळ्या होत्या, हवा एकच होती

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत. मुलाला विमानातल्या टॉयलेटच्या दारावर अ‍ॅशट्रे दिसला आणि त्याने विचारलं, बंदी आहे तर हा कशाला? त्यावर तुमचे वडील म्हणाले की आमच्या वेळी लोक सीटवर बसूनच सिगारेट ओढायचे, न ओढणाऱ्यांना वेगळ्या रांगा असायच्या. आणि वर असंही म्हणाले की तेव्हा विमानातली हवा आजच्यापेक्षा चांगली असायची. माझी सगळी नोकरी सांताक्रूझला विमानांच्या देखभालीत गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. वडिलांचं पहिलं म्हणणं पूर्ण खरं आहे. वेगळ्या रांगांचं म्हणणं फक्त कागदावर खरं. तिसऱ्यात काही तथ्य आहे, त्याकडे शेवटी येतो.

तेव्हा प्रत्येक सीटच्या आर्मरेस्टमध्ये झाकणाचा छोटा पत्र्याचा अ‍ॅशट्रे असायचा. विमान वर चढलं, ‘नो स्मोकिंग’चा दिवा विझला आणि ‘टिंग’ झालं, की मागच्या रांगांतून लायटरचे खटके ऐकू यायचे. तो दिवा आजही सीटबेल्टच्या दिव्याशेजारी दिसतो, फक्त आता तो विझत नाही. अमेरिकेत १९५०-६०च्या दशकांत तर काही कंपन्या जेवणाच्या ट्रेवर चार-पाच सिगारेटींचं छोटं पाकीट फुकट ठेवत. आपल्याकडे एअर इंडियाने १९६७ मध्ये साल्वादोर दाली या जगप्रसिद्ध चित्रकाराकडून खास अ‍ॅशट्रे करून घेतला होता, पहिल्या वर्गाच्या निवडक प्रवाशांना भेट द्यायला. त्याच्या आधाराला हंस आहेत, आणि तेच उलटे धरले की हत्तीची डोकी दिसतात. दालीने मोबदला म्हणून हत्तीचं पिल्लू मागितलं आणि कंपनीने ते खरोखर विमानाने युरोपात पाठवलं. त्या काळी सिगारेट ही पाहुणचाराची वस्तू होती, हे यावरून कळावं.

आम्ही देखभालवाले विमानात चढायचो ते उतारू उतरल्यावर. आखातातून रात्रभर उडून पहाटे आलेल्या विमानाचं दार उघडलं की गार, शिळा, आंबूस धूर अंगावर यायचा. तो वास पडद्यांत, गाद्यांत, डोक्यावरच्या सामानाच्या कप्प्यांत मुरलेला असायचा, पुसून जायचा नाही. सफाईच्या बायका एकेक अ‍ॅशट्रे बाहेर काढून रिकामा करायच्या. त्यात राख आणि थोटकांबरोबर च्युइंगगम, सुपारी, चॉकलेटचे कागद, सगळं कोंबलेलं असायचं. ते सुकून घट्ट बसलं की पेचकसाने खरवडून काढावं लागे. सीटच्या कापडाला पडलेली गोल भोकं तर नित्याची. त्या बायकांच्या कामाबद्दल कुणी कधी लिहिलेलं मी वाचलं नाही, म्हणून इथे मुद्दाम नोंदवतोय.

आता वेगळ्या रांगांबद्दल. अमेरिकेत १९७३ मध्ये विमान कंपन्यांना न ओढणाऱ्यांसाठी स्वतंत्र भाग ठेवणं सक्तीचं झालं, १९७६ मध्ये पाइप आणि सिगार बंद झाले. हळूहळू सगळीकडे तीच पद्धत आली. पण मधे भिंत नसायची. जास्तीत जास्त एखादा पडदा, बहुतेक वेळा नुसती पाटी. एकोणिसावी रांग न ओढणाऱ्यांची आणि विसावी ओढणाऱ्यांची, मग एकोणिसाव्या रांगेत तान्हं मूल घेऊन बसलेल्या बाईने काय करायचं? शिवाय पुढे जागा मिळालेले सिगारेटवाले मागे येऊन टॉयलेटजवळच्या जागेत उभ्या-उभ्या ओढायचे.

विमानात हवा कशी फिरते ते सांगतो, म्हणजे पाटी का निरुपयोगी होती ते लक्षात येईल. इंजिनात दाबली गेलेली बाहेरची हवा थंड करून छतातून आत सोडतात. ती दोन्ही बाजूंनी खाली उतरते, पायापाशी भिंतीच्या तळाला जाळ्या असतात त्यांतून पोटात जाते आणि शेपटीकडच्या भागात असलेल्या एका झडपेतून बाहेर पडते. या झडपेला आम्ही ‘आउटफ्लो व्हॉल्व्ह’ म्हणतो. ती कमीजास्त उघडून आतला हवेचा दाब सांभाळला जातो. हवा वरून खाली यावी अशी रचना असली तरी पुढे-मागे सरकण्यापासून तिला कुणी अडवत नाही. माणसं चालतात, ट्रॉल्या फिरतात, पडदे हलतात. धूर रांगांचे आकडे वाचत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने १९८६ मध्ये केबिनमधल्या हवेवर अहवाल दिला, त्यात देशांतर्गत विमानांत धूम्रपान पूर्ण बंद करावं अशी स्पष्ट शिफारस होती.

आम्हाला त्या अहवालाची गरज नव्हती, आम्ही ती झडप रोज बघत होतो. स्वयंपाकघरातल्या जुन्या एक्झॉस्ट पंख्यावर बसतो तसा चिकट तपकिरी थर तिच्यावर साचायचा. नीट साफ केलं नाही तर झडप अडकायची, दाब वर-खाली व्हायचा आणि प्रवाशांचे कान दुखायचे. बाहेरून पाहिलं तर झडपेच्या मागे विमानाच्या पोटावर लांब तपकिरी ओघळ दिसायचा. दारांच्या रबरी कडांना, खिळ्यांच्या रांगांना कुठे बारीक फट असली की तिथेही तसाच डाग उमटायचा, कारण आतली दाबलेली हवा तिथून निसटताना तंबाखूचं डांबर मागे ठेवून जायची. जुने मेकॅनिक टॉर्च घेऊन आधी हे डाग शोधायचे. गळती दाखवणारी ती फुकटची खूण होती.

या खुणेचं सगळ्यात भयंकर उदाहरण आपल्या भागातलं नाही. चायना एअरलाइन्सच्या एका जम्बोची शेपटी १९८० मध्ये हाँगकाँगला उतरताना धावपट्टीला घासली. खराब झालेल्या भागावर जोडपत्रा लावला, पण दुरुस्ती नियमानुसार झाली नव्हती. त्या पत्र्याखाली धातूला तडे वाढत राहिले. २५ मे २००२ रोजी तैपेईहून हाँगकाँगला जाताना ते विमान हवेतच तुटलं आणि २२५ माणसं गेली. आधीच्या वर्षी तपासणीत काढलेल्या फोटोंमध्ये त्या जोडपत्र्याच्या कडेने तपकिरी डाग दिसतात. तिथून हवा बाहेर येत होती आणि कुणाच्या ते लक्षात आलं नाही. काही जण याचा अर्थ ‘धूम्रपान चालू होतं तेव्हा विमानं जास्त सुरक्षित होती’ असा लावतात, तो मला मान्य नाही. तडे शोधायला क्ष-किरण आहेत, धातूत विद्युतप्रवाह निर्माण करून तडा पकडणारी ‘एडी करंट’ तपासणी आहे, ध्वनिलहरींची ‘अल्ट्रासॉनिक’ आहे. दोष तपासणाऱ्यांच्या नजरेचा आणि मूळ दुरुस्तीचा होता.

सिगारेटच्या धुराइतकीच भीती आगीची होती. ११ जुलै १९७३ रोजी व्हारिग या ब्राझिलियन कंपनीचं बोइंग ७०७ रिओहून पॅरिसला निघालं होतं. ओर्ली विमानतळ काही किलोमीटरवर असताना मागच्या टॉयलेटमध्ये आग लागली. कचऱ्याच्या डब्यात टाकलेलं पेटतं थोटूक हे तिचं संभाव्य कारण मानलं गेलं. धूर इतका झाला की वैमानिकांना समोरचं दिसेना. त्यांनी बाजूच्या खिडक्या उघडल्या आणि विमान शेतात उतरवलं. १३४ पैकी १२३ जण गेले, बहुतेक विषारी धुराने. वाचलेल्या ११ जणांत प्रवासी फक्त १ होता. एक थोटूक आणि हात पुसायचे कागद एवढ्यावर हे घडू शकतं, हे त्या दिवशी जगाला कळलं.

तुमच्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. या अपघातानंतर अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने टॉयलेटमध्ये धूम्रपानबंदीच्या पाट्या, कचऱ्याच्या डब्यात सिगारेट टाकू नका अशी सूचना आणि दारापाशी अ‍ॅशट्रे सक्तीचा केला. अमेरिकी नियमात आजही स्पष्ट लिहिलेलं आहे: विमानात इतरत्र धूम्रपानाला परवानगी असो वा नसो, टॉयलेटच्या दाराजवळ सहज दिसेल असा, काढता येणारा अ‍ॅशट्रे हवाच. म्हणून कालपरवा कारखान्यातून बाहेर पडलेल्या विमानातही तो असतो. त्यामागचा विचार सरळ आहे. दर थोड्या दिवसांनी कुणीतरी टॉयलेटमध्ये सिगारेट पेटवतोच, आपल्याकडेही अशा बातम्या येत असतात. गजर वाजला, एअर होस्टेसने दार ठोठावलं आणि तो माणूस घाबरला, की हातातलं थोटूक तो कुठे टाकणार? कागदांच्या डब्यात टाकलं तर आग. ते विझवायला डोळ्यांसमोर सुरक्षित जागा असली पाहिजे. मुलाला हेही सांगा की तो अ‍ॅशट्रे तुटलेला किंवा गायब असेल तर देखभालवाल्यांना त्याची नोंद करून ठरलेल्या मुदतीत तो बसवावा लागतो.

जून १९८३ मध्ये एअर कॅनडाच्या डीसी-९ विमानात टॉयलेटच्या भागात आग लागली. ते सिनसिनाटीला उतरलं, दारं उघडली आणि आत हवा शिरताच भडका उडाला. २३ जण गेले. त्या आगीचं मूळ शेवटपर्यंत ठरलं नाही, पण तिच्यानंतर टॉयलेटमध्ये धुराचा गजर आणि कचऱ्याच्या डब्यात आपोआप चालणारं अग्निशामक आलं. अंधारात बाहेरची वाट दाखवणारे जमिनीलगतचे दिवेही त्याच वेळचे.

तरीही सीटवरची सिगारेट चालूच होती. ती बंद झाली ती मुख्यतः विमानात नोकरी करणाऱ्या बायकांमुळे, आणि हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे. प्रवासी आठ तास धूर सोसून घरी जायचा. एअर होस्टेस दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच धुरात. कोरडी हवा, सात-आठ हजार फुटांवर असावा तेवढाच हवेचा दाब, त्यामुळे आधीच कमी ऑक्सिजन, आणि वरून हे. माझ्या ओळखीच्या एअर होस्टेस घरी गेल्यावर आधी केस धुवायच्या, मग मुलांना जवळ घ्यायच्या. कित्येकींना कायमचा खोकला होता, आणि तक्रार केली तर ‘नोकरीत हे चालायचंच’ असं ऐकून घ्यावं लागे.

अमेरिकेत त्यांच्या संघटनांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. १९८७ मध्ये रिचर्ड डर्बिन या खासदाराने प्रतिनिधिगृहात दुरुस्ती मांडली. त्यांचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले तेव्हा ते १४ वर्षांचे होते. सिगारेट कंपन्यांचा मोठा विरोध असूनही दुरुस्ती १९८ विरुद्ध १९३ मतांनी मंजूर झाली. एप्रिल १९८८ पासून दोन तासांपर्यंतच्या, फेब्रुवारी १९९० पासून सहा तासांपर्यंतच्या देशांतर्गत उड्डाणांत बंदी आली. २००० मध्ये अमेरिकेला जाणाऱ्या-येणाऱ्या सगळ्याच विमानांत. नॉर्मा ब्रॉइन ही एअर होस्टेस आयुष्यात कधी सिगारेट न ओढलेली. १९८९ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, तिला फुप्फुसाचा कर्करोग झाल्याचं निघालं. १९९१ मध्ये तिने आणि सहकाऱ्यांनी हजारो विमान कर्मचाऱ्यांच्या वतीने मायामीच्या न्यायालयात सिगारेट कंपन्यांवर दावा लावला. १९९७ मध्ये तडजोड झाली, ३० कोटी डॉलर संशोधन संस्था उभारायला द्यायचे ठरले. त्यातून कर्मचाऱ्यांच्या हातात रोख काही आलं नाही, फक्त प्रत्येकीला स्वतंत्र दावा लावण्याची वाट मोकळी राहिली. मला यात न्याय पूर्ण झाला असं वाटत नाही, पण त्या उभ्या राहिल्या नसत्या तर आपण आणखी किती वर्षं तो धूर गिळला असता कुणास ठाऊक.

भारतात केंद्र सरकारने १९९० मध्ये एका आदेशाने रुग्णालयं, शाळा-कॉलेजं, वातानुकूलित रेल्वेडबे यांच्याबरोबर देशांतर्गत विमानांतही धूम्रपान बंद केलं. आंतरराष्ट्रीय मार्गांवर ते पुढे काही वर्षं चालू राहिलं. जागतिक नागरी विमान वाहतूक संघटनेने १९९२ मध्ये ठराव करून १ जुलै १९९६ पर्यंत सगळी आंतरराष्ट्रीय उड्डाणं धूरमुक्त करा असं सदस्य देशांना सांगितलं, आणि एकेक कंपनी बंद करत गेली. जमिनीवरच्या बंदीत आपल्या मुंबईचा वाटा आहे: इथले काँग्रेस नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये सार्वजनिक जागी धूम्रपानाला मनाई केली. २००३ चा तंबाखू नियंत्रणाचा कायदा आणि २ ऑक्टोबर २००८ चे नियम त्याच्या पुढचे. त्या नियमांत विमानतळांवर वेगळ्या खोलीची सवलत ठेवली, म्हणून काही ठिकाणी ती काचेची खोली दिसते.

राहिला वडिलांचा ‘तेव्हा हवा चांगली होती’ हा मुद्दा. जुन्या ७०७ सारख्या विमानांत आत येणारी सगळी हवा बाहेरची, ताजी असायची, हे खरं. १९७०च्या दशकात इंधन महागलं, त्यानंतर आलेल्या नव्या विमानांत साधारण निम्मी हवा आतलीच पुन्हा फिरवायला लागले, कारण बाहेरची हवा घेताना इंजिनाची ताकद खर्च होते. लोक म्हणतात की सिगारेट बंद झाली म्हणून कंपन्यांनी ताजी हवा कमी केली. तसं नाही, आतली हवा पुन्हा फिरवणारी विमानं बंदीच्या आधीच, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आली होती. त्या काही वर्षांत ओढणारे तेवढेच आणि ताजी हवा कमी, अशी दोन्हीकडून वाईट अवस्था होती. आज फिरवलेली हवा हेपा फिल्टरमधून जाते. तो ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवतो आणि आतली हवा तासाला वीसेक वेळा बदलते. हेपा कण अडवतो, वायू अडवत नाही, म्हणून आज कुणी आत सिगारेट पेटवली तर तिचा कार्बन मोनॉक्साइड फिल्टरमधून सरळ पुढे जाईल. वडिलांना घसा कोरडा पडल्यासारखं वाटत असेल तर त्याचं कारण आर्द्रता, ती विमानात वीस टक्क्यांच्याही खाली जाते, तेव्हाही जायची. पुढच्या प्रवासात त्यांना पाणी थोडं-थोडं, वारंवार प्यायला द्या आणि चहा-कॉफी कमी.