'त्रिनिर्मिती' म्हणावं की 'सहनिर्मिती'?

प्रश्न असा आहे: एकाच यंत्रणेतून वीज, उष्णता आणि गारवा देणाऱ्या 'ट्रायजनरेशन'ला मराठीत 'त्रिनिर्मिती' म्हणावं का? की छोट्या यंत्रणेला 'लघु सहवीजनिर्मिती' चालेल?

'सहवीजनिर्मिती' साखर कारखान्यांच्या बातम्यांमुळे रुळला आणि तिथे तो चपखल बसतो. रस आटवायला वाफ लागतेच. बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, जाळून ती करताना बरोबरीने वीजही काढायची. रुग्णालयातल्या गॅस इंजिनाचं तसं नाही. ते मुळात विजेसाठी चालतं आणि उष्णता सोबत मिळते. म्हणून तिथे 'सह' एकट्या विजेला जोडू नये. नुसतं 'सहनिर्मिती' मला जास्त योग्य वाटतं.

'त्रिनिर्मिती' सुटसुटीत आहे, पण तीन वस्तू तीन वेळा बनवल्यासारखा वाटतो. खरी गंमत तर इंधन एकदाच जळतं यात आहे! इंजिनात त्यातल्या साधारण एक तृतीयांश ऊर्जेची वीज होते. उरलेली बरीचशी उष्णता एरवी धुरावाटे आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यावाटे वाया जाते. ती वापरात आणली की इंधनाचा एकूण उपयोग ७० ते ८५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. वेगळ्या बॉयलरचं इंधन वाचतं आणि कार्बन उत्सर्जन घटतं ते यामुळेच. हा सगळा अर्थ 'सह'मध्ये आहे, 'त्रि'मध्ये नाही.

'शीतनिर्मिती'ही टाळावा. गारवा निर्माण होत नाही, उष्णता काढून घेतली जाते. अशा यंत्रणेत गारवा देणाऱ्या 'शोषण चिलर' या यंत्रामध्ये अगदी कमी दाबाखाली पाण्याची वाफ होते आणि ते सभोवतालची उष्णता घेतं. लिथियम ब्रोमाइडचं द्रावण ती वाफ शोषतं. मग इंजिनाची उष्णता देऊन द्रावणातलं पाणी पुन्हा वेगळं काढतात. वीज खाणारा कॉम्प्रेसर लागतच नाही. या क्रियेला 'शीतन' पुरे. पहिल्यांदा 'वीज-उष्णता-शीतन सहनिर्मिती' लिहावं, पुढे नुसतं 'सहनिर्मिती'.

'लघु' आणि 'सूक्ष्म' मात्र एकमेकांच्या जागी वापरू नका. युरोपीय संघाच्या व्याख्येत ५० किलोवॉटच्या आतल्या वीजक्षमतेची यंत्रणा ती सूक्ष्म, १ मेगावॉटच्या आतली ती लघु.

आणि 'कार्बनमुक्त' हे विशेषण नैसर्गिक वायूवरच्या यंत्रणेला लावू नये. वायू जळतोच, उत्सर्जन किती वाचलं ते ग्रिडची, म्हणजे सार्वजनिक वीजजाळ्याची, वीज कशापासून येते यावर ठरतं. कोळशाच्या विजेच्या जागी या यंत्रणेची वीज आली तर बचत मोठी, ग्रिड स्वच्छ होत गेलं की बचत कमी होत जाते. 'उत्सर्जन-कपात' हाच शब्द इथे प्रामाणिक आहे.