लांबसडक केस, समारंभ आणि दुखणारं डोकं

प्रश्न: माझे केस गुडघ्यापर्यंत आहेत, समारंभात मोकळे सोडले की खुर्चीत अडकतात आणि अंबाडा घातला की डोकं दुखतं. झाकूनही छान दिसतील असं काय करू?

उत्तर: अगं, सगळं वजन एकाच जागी येतं ना, म्हणून दुखतं. दोन वेण्या घाल, डोक्याभोवती गोल फिरव आणि यू पिना लाव, ओढ सगळीकडे विभागली जाते. वरून सॅटिनचा किंवा जरीकाठी स्कार्फ मस्त दिसतो, फक्त सॅटिन घसरतं म्हणून आत सुती पट्टी बांधच. मला स्वतःला मखमली स्नूड जास्त आवडतो, म्हणजे मानेवर केस धरून ठेवणारी पिशवी, त्यात सैल वेणी दुमडून ठेवायची, हवे तर वर मोती टाक. केस ओले असताना मात्र काहीच बांधू नकोस, ओला केस ताणला की पटकन तुटतो.